घरात कुणाला आहे?

अण्णांचं आयुष्य गेलं कोऱ्या नोटा उजेडाला धरण्यात.
नाशिक रोडचं प्रेस, तपासणी खातं, तेहतीस वर्षं.
लाखो हातांखालून गेले,
घरी मात्र किराणावाल्याकडे वही.

सुटताना गेटवर झडती. रोज. दोन्ही हात वर.
घरी पोचले तरी दारात क्षणभर
हात आपोआप उचलले जायचे,
आणि मी, चार वर्षांची, त्यांचे खिसे तपासायची.
चिंचेची गोळी. बसचं तिकीट. कधी ओल्या शेंगा.
"काही नाही साहेब," म्हणायचे, "सोडा आता."

सगळंच उजेडाला धरायची खोड.
अंडं. धोतराचं पान. माझं प्रगतिपुस्तक,
जणू गणितातल्या अडतिसाच्या मागे
आणखी एक आकडा असेल, पाण्यात उमटलेला.
माघात द्राक्षं आली की
एकेक मणी बल्बासमोर.
"ह्याला बी नाही," आई एकदा म्हणाली,
"मग वेल कुठून येतो हो?"
"कलम करतात. मूळ एकाचं, काडी दुसऱ्याची."
दोघं गप्प झाली.
मी घड संपवला.

अकरावीत होते, तेव्हा कपाटात फाईल सापडली.
संस्थेचा शिक्का. वजन दोन किलो शंभर.
आईच्या रकान्यात आडवी रेघ,
बापाच्या रकान्यात आडवी रेघ.
मी तो कागद खिडकीशी नेऊन उजेडाला धरला.
आरपार जेल रोडचा कडुनिंब दिसला
आणि त्याखाली पंक्चर काढत बसलेला एक माणूस.
बाकी काही नाही.
होती तशी घडी घालून ठेवली.
त्या रात्री आईनं भरीत केलं,
जे मला आवडतं आणि तिला पित्त करतं.
तिला कळलं होतं का, हे अजून ठरलेलं नाही.
आता ठरणारही नाही.

लोक म्हणायचे, पोरगी बापावर गेलीय.
नाकाचं सोडा, चाल बघा.
मी हसायची. आई जरा जास्तच हसायची.

मागच्या मंगळवारी मल्हारला दवाखान्यात नेलं.
सारखं पाणी पितो, रात्रीत चारदा उठतो,
महिन्यात चड्ड्या सैल झाल्या.
डॉक्टरीणबाई तरुण, बोटं कीबोर्डवर.
"बाबांकडे कुणाला शुगर?"
"नाही."
"तुमच्याकडे? आई, वडील?"

एकटी असते तर म्हणाले असते, माहीत नाही.
आजवर प्रत्येक फॉर्मवर तेच लिहिलंय,
बाळंतपणात, विम्याच्या कागदावर, सगळीकडे.
तोंड उघडलंही होतं.

"मला आहे," अण्णा म्हणाले.
शेजारच्या खुर्चीत, टोपी मांडीवर, कानात मशीन.
"बावीस वर्षं झाली. माझ्याकडनंच आलं असणार पोराला."
आवाजात अपराध होता. खराखुरा.
एक्याऐंशी वय.
विसरले असतील.
की नसतील विसरले.

बाईंनी टाइप केलं: आईचे वडील, निवृत्ती गायधनी. आहे.
चुकीची नोंद.
प्रेसमध्ये असती
तर अण्णांनीच लाल पेन्सिलीनं बाद केली असती.
मी दुरुस्त केली नाही.

रक्त घेताना मल्हार रडला नाही.
कापूस फेकून दिला, ट्यूबलाइटकडे बोट धरलं,
एक डोळा मिटला.
टोकाला थेंब. गोल, अजून न ओघळलेला.
"आजोबा, ह्यात काय दिसतं?"

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला.
बोट हातात घेतलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं,
घाई नाही.
"अस्सल आहे," म्हणाले. "जाऊ द्या पुढे."

खाली रिक्षावाला जेल रोडचे ऐंशी मागत होता.
साठला आणला.